बीएफडी लायब्ररीतील फाइल डिस्क्रिप्टरांचे नियंत्रण

बीएफडी अर्थात बायनरी फाइल डिस्क्रिप्टर ही ग्नू प्रकल्पातील, ऑब्जेक्ट फाइली हाताळणारी लायब्ररी आहे. एलडी हा लिंकर, ऑब्जडंप आणि जीडीबी हा डीबगर तिचा वापर करतात. एकाच वेळी किती फाइली उघड्या ठेवायच्या, याचे नियंत्रण ती स्वतःच्या कॅशेद्वारे करते.

== गरज ==
प्रोग्रामने फाइल उघडली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यासाठी एक पूर्णांक देते. यालाच फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. एका प्रक्रियेस मिळणाऱ्या डिस्क्रिप्टरांची संख्या मर्यादित असते. लिनक्सवर ती सामान्यतः १०२४ असते. मोठ्या प्रोग्रामच्या जोडणीत हजारो ऑब्जेक्ट फाइली लागू शकतात. त्या सर्व उघड्या ठेवल्यास मर्यादा संपते आणि जोडणी अर्ध्यावर थांबते.

== कार्यपद्धती ==
पूर्वी कॅशेची कमाल मर्यादा १० फाइली इतकी ठरलेली होती. नंतर ती प्रक्रियेच्या मर्यादेचा एक-अष्टमांश, परंतु किमान १०, अशी करण्यात आली. त्यानुसार १०२४ची मर्यादा असल्यास १२८ फाइली उघड्या राहू शकतात; उरलेले डिस्क्रिप्टर मूळ प्रोग्रामच्या इतर कामांसाठी मोकळे राहतात.

मर्यादा गाठल्यावर सर्वांत जास्त काळ न वापरलेली फाइल बंद केली जाते. तत्पूर्वी तिच्यातील वाचन-लेखनाचे स्थान नोंदवले जाते. पुन्हा गरज पडताच ती नावाने उघडून त्याच स्थानी नेली जाते, त्यामुळे वापरणाऱ्या प्रोग्रामला हा बदल जाणवत नाही. लेखनासाठीची फाइल पुन्हा उघडताना आधीचा मजकूर पुसला जाणार नाही, अशी पद्धत वापरली जाते. अर्काइव्हमधील घटक फाइली सहसा मूळ अर्काइव्हचाच डिस्क्रिप्टर वापरतात.

== अपवाद व दक्षता ==
आधीच उघडलेला डिस्क्रिप्टर लायब्ररीकडे सोपवल्यास तो कॅशेत धरला जात नाही. तो शेवटपर्यंत उघडा राहतो. वापरकर्त्या प्रोग्रामने ‘बीएफडी_सेट_कॅशेबल’द्वारे अनुमती दिली तरच लायब्ररी तो मधेच बंद करू शकते.

पुन्हा उघडणे नावावर अवलंबून असल्यामुळे, मधल्या काळात फाइल हलवल्यास ती सापडत नाही. त्याच नावाची दुसरी फाइल आल्यास तीच वाचली जाण्याचा धोका असतो. उलटपक्षी, फाइल विनाकारण उघडी राहू नये म्हणून ‘बीएफडी_कॅशे_क्लोज_ऑल’ हे फंक्शन कॅशेतील सर्व फाइली बंद करते. जीडीबी त्याचा उपयोग करतो.