भर समुद्रात युद्धनौकेला नेट कोण देतं? नौदलाच्या भाड्याच्या उपग्रहांची गोष्ट

आपल्याकडच्या गावागावांतली पोरं नौदलात आहेत. जहाजानं बंदर सोडलं की कित्येक दिवस फोन नाही. मग घरची माणसं विचारतात, "आता उपग्रहावरून सगळं जग बोलतं, मग यांच्याच जहाजावर नेट का नाही?"

नेट असतं. पण ते कुणाच्या मालकीचं आणि कशासाठी वापरायचं, यावर बरंच अवलंबून असतं. जगातली मोठमोठी नौदलंसुद्धा खासगी कंपन्यांचे उपग्रह भाड्यानं घेतात. ते का आणि त्यात धोका काय, ते समजून घेऊ.

जहाजावरची डिश

मोबाईलच्या टॉवरची रेंज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर संपते. पुढे उपग्रहच लागतो. आपल्या घरावरची टीव्हीची डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही. जहाज मात्र लाटांवर सतत डुलतं आणि दिशाही बदलतं. म्हणून त्याच्या डिशला मोटारी असतात. जहाज एका बाजूला कललं की डिश तेवढीच उलट वळते आणि उपग्रहावरचा नेम सुटू देत नाही. जहाजावर पांढरे गोल घुमट दिसतात, त्यातल्या बऱ्याच घुमटांत अशीच डिश असते.

जुन्या पद्धतीचे उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर एकाच जागी उभे असल्यासारखे दिसतात. स्टारलिंकसारखे नवे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात आणि संख्येनं हजारो आहेत. अंतर कमी, त्यामुळे बोलणं लगेच पोचतं आणि वेगही जास्त मिळतो.

स्वतःचे असताना भाड्याचे कशाला?

स्वतःचा उपग्रह म्हणजे स्वतःची विहीर. खर्च मोठा, वेळ लागतो, आणि पाणी लागेल तेवढंच. गरज वाढली की टँकर बोलवावा लागतो.

अमेरिकेच्या नौदलाचं तेच झालं. १९७०च्या दशकात त्यांचे स्वतःचे उपग्रह वेळेवर तयार झाले नाहीत. १९७६ मध्ये कॉमसॅट या कंपनीनं मॅरिसॅट नावाचे तीन उपग्रह सोडले. त्यांचा एक भाग नौदलानं भाड्यानं घेतला आणि दुसऱ्या भागावर व्यापारी जहाजांचे फोन चालले.

पुढे १९९१ चं आखाती युद्ध आलं. कोणत्या विमानानं कधी आणि कुठे हल्ला करायचा, याचा आदेश रोज निघायचा. तो शेकडो पानांचा असे. विमानवाहू जहाजांकडे एवढा मजकूर घेण्याइतकी उपग्रहाची क्षमताच नव्हती. शेवटी तो आदेश रोज विमानात घालून जहाजावर पाठवावा लागला! एवढं मोठं नौदल, पण कागद पोचवायला टपालवाल्यासारखं विमान.

त्यातून धडा घेऊन १९९२ पासून 'जॉर्ज वॉशिंग्टन' या विमानवाहू जहाजावर खासगी उपग्रहाची डिश बसवून प्रयोग सुरू झाले. नकाशे, फोटो आणि खलाशांचे घरचे फोन त्यावरून जाऊ लागले.

भाडं ठरतं कसं?

साधारण तीन प्रकार आहेत. पहिला, उपग्रहाच्या क्षमतेचा तुकडा वर्षभरासाठी घ्यायचा. दुसरा, महिन्याचं पॅक घ्यावं तशी पूर्ण सेवाच विकत घ्यायची. तिसरा, वर्षानुवर्षांचा करार.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण इरिडियम. उपग्रह फोनची ही कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं तिच्याशी दोन वर्षांचा ७ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. त्यात २० हजार सरकारी वापरकर्त्यांना हवं तेवढं बोलायची मुभा होती. सैन्याला सेवा मिळाली आणि बुडणारी कंपनीही तरली.

तिसरा प्रकार ब्रिटननं केला. २००३ मध्ये त्यांनी स्कायनेट उपग्रह चालवायचं काम करारानं कंपनीकडे दिलं. उपग्रह कंपनीचे, सेवा सैन्याची, आणि उरलेली क्षमता कंपनीनं दुसऱ्यांना विकायची. हा करार २०२२ पर्यंत चालला.

पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शोधायला निघालं की भाव काय होतो, ते आपल्याला सांगायला नको. उपग्रहाचंही तसंच. २०११ या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं खासगी उपग्रहसेवेवर १०० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं, की जी खाती सुटी-सुटी खरेदी करतात त्यांना सरासरी १६ टक्के जास्त मोजावे लागतात. एकत्र घेतलं तर स्वस्त पडतं, हे तिथेही खरंच.

खरा धोका पैशाचा नाही

टँकरवाला "आज येत नाही" म्हणाला तर? युक्रेनच्या बाबतीत तसंच झालं. क्रिमियातल्या सेवास्तोपोल बंदरापर्यंत स्टारलिंक चालू करा, अशी तातडीची विनंती आली होती आणि आपण ती मान्य केली नाही, असं कंपनीचे मालक इलॉन मस्क यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतः सांगितलं. या बंदरात रशियाचं आरमार होतं. लढाईतला निर्णय एका कंपनीच्या मालकानं घेतला, ही गोष्ट सगळ्या नौदलांना विचार करायला लावणारी आहे.

दुसरा धोका हॅकिंगचा. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवर हल्ला झाला त्याच दिवशी, व्हायासॅट कंपनीच्या उपग्रहसेवेवर सायबर हल्ला झाला. हजारो मोडेम बंद पडले. जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांवर दुरून ठेवलेली नजरही त्यामुळे तुटली. वापरणारे शेतकरी असोत की सैनिक, तार एकच होती.

तिसरा धोका जहाजावरच असतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या 'मँचेस्टर' या युद्धनौकेवर काही वरिष्ठ खलाशांनी वर्गणी काढून चोरून स्टारलिंकची डिश बसवली. कॅप्टनला पत्ता नव्हता. वायफायला नाव दिलं 'स्टिंकी'. शंका आल्यावर ते नाव बदलून प्रिंटरसारखं ठेवलं. शेवटी अधिकृत उपकरण बसवायला आलेल्या माणसाला ती डिश दिसली. मुख्य सूत्रधार असलेल्या महिला कर्मचाऱ्याला २०२४ मध्ये लष्करी न्यायालयानं दोषी ठरवून पदावरून एक पायरी खाली आणलं.

आता कुणी म्हणेल, घरी बोलण्यासाठीच केलं, एवढं काय मोठं? पण डिश आकाशाकडे संदेश पाठवते, म्हणजे जहाज आवाज करतं. असा संदेश पकडून जहाजाचा माग काढायचा प्रयत्न होऊ शकतो. शिवाय तपासणी न झालेल्या वाटेनं बाहेरचा माणूस आत शिरू शकतो.

आपलं नौदल काय करतं?

आपलं नौदलही बरीच वर्षं इनमारसॅट या परदेशी सेवेवर अवलंबून होतं. ३० ऑगस्ट २०१३ ला इस्रोचा जीसॅट-७ हा उपग्रह फ्रेंच गयानातून एरियन रॉकेटनं गेला. यालाच 'रुक्मिणी' म्हणतात. हा खास नौदलासाठी होता. पुढे २ नोव्हेंबर २०२५ ला सुमारे ४,४०० किलो वजनाचा सीएमएस-०३ गेला, तो श्रीहरिकोट्यातून, आपल्याच रॉकेटनं. म्हणजे आता विहीरही आपली आणि मोटही आपली.

अनेक मोठ्या नौदलांचा आता हाच मार्ग आहे: हुकूम आणि गुप्त माहिती स्वतःच्या उपग्रहावरून, बाकीच्या कामाला भाड्याचा.

घरच्यांनी काय करावं?

डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीचं प्रकरण उघड झाल्यावर आपल्या नौदलानं जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुकला बंदी घातली. त्यामुळे फोन आला नाही तर लगेच वाईट मनात आणू नका. कधी कधी जहाजानं गप्प राहणं हीच आतल्या माणसांची सुरक्षा असते.

आणि फोन आलाच, तर पोरगा कोणत्या जहाजावर आहे, कोणत्या बंदरातून कधी निघाला, हे गावाच्या ग्रुपवर टाकू नका. स्टेटसलाही ठेवू नका. करोडोंच्या उपग्रहानं जे लपवलं, ते आपल्या एका मेसेजनं उघडं पडू शकतं.