पॅड बांधून बसलेला तिसरा

दोस्तांनो, समजा, मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी तुमची मॅच रंगलीय. हमखास सिक्सर कोण ठोकतो? बहुधा वर्गातला सगळ्यात थोराड मुलगा! पण दहावीपर्यंत बाकीचेही उंच होतात आणि मग नुसता दंडातला जोर पुरत नाही. लहानपणचे पुष्कळ 'हिरो' इथेच गळतात.

पण खरी गुणी मुलंही मागे पडतात, त्याचं काय?

फेब्रुवारी 1988. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा सामना. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभंग भागीदारी केली. सचिन 326, विनोद 349. हो, विनोदच्याच जास्त! 1993 साली तर त्याने लागोपाठच्या दोन कसोटींत 224 आणि 227 धावा कुटल्या. मग वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांनी छातीवर उसळते चेंडू टाकून त्याची उणीव हेरली. एकदा का दुखरी जागा सापडली, की सगळे तिथेच मारा करतात! 1995 नंतर विनोद कसोटी खेळलाच नाही. वय अवघं 23, सरासरी 54.20.

त्या शाळेच्या सामन्यात तिसराही एक होता, अमोल मुजुमदार. पॅड बांधून बसला, पण पाळीच आली नाही. पुढे रणजी पदार्पणातच त्याने 260 काढल्या. पण मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण! प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा करूनही भारताची टोपी मिळाली नाही. याला अपयश म्हणायचं? मला नाही बुवा पटत. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मुजुमदारच होते.