ओल्या पिसाची परीक्षा

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मेन राज्यातल्या रेंजली तलावांच्या प्रदेशात अप्पर डॅम नावाची जागा आहे. मूसलुकमगंटिक असं लांबलचक नाव असलेल्या तलावाचं पाणी इथून रिचर्डसन तलावात उतरतं. धरणाखालच्या खळाळत्या डोहात १ जुलै १९२४ रोजी कॅरी स्टीव्हन्स या बाईंनी ब्रूक ट्राउट जातीचा एक मासा धरला. वजन ६ पौंड १३ औंस, म्हणजे तीन किलोंहून थोडं जास्त. 'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाच्या त्या वर्षीच्या स्पर्धेत तो दुसरा आला. मासा मोठा होताच, पण बोलबाला झाला तो त्याला भुलवणाऱ्या आमिषाचा. बाईंनी ते पिसं आणि केस गळावर बांधून स्वतःच केलं होतं. लोक मागणी घालू लागले आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं त्या तोच उद्योग करत राहिल्या.

अशा आमिषाला स्ट्रीमर म्हणतात. फ्लाय फिशिंगमधली नेहमीची कृत्रिम माशी पाण्यावरच्या किड्याची नक्कल करते, तर स्ट्रीमर लहान माशाची. तो लांब दांड्याच्या गळावर बांधतात आणि पाण्यात बुडवून ओढतात. मोठा मासा त्याला पळतं भक्ष्य समजून झडप घालतो. एवढ्यावरून वाटेल की काम सोपं आहे. हुबेहूब लहान मासा घडवला की झालं. खरी अडचण फेकण्यात आहे. आपल्याकडे गरी टाकताना शिशाचं नाहीतर आमिषाचं वजन दोरीला ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलटं होतं. जाड, वजनदार दोरी हवेत मागे-पुढे झुलवून पुढे सोडतात आणि तिच्या टोकाची हलकी फ्लाय, म्हणजे कृत्रिम माशी, मागोमाग जाते. टोकाला वजन वाढलं की झोक बिघडतो आणि कधी गळ फेकणाऱ्याच्याच कानात रुततो. म्हणजे स्ट्रीमर बुडायला हवा, पाण्यात हलायला हवा आणि फेकताही यायला हवा. या तीन मागण्यांचं आपसात पटत नाही. सामान निवडणं म्हणजे या भांडणात दर वेळी कुणाची बाजू घ्यायची ते ठरवणं.

स्टीव्हन्सबाई मूळच्या टोप्या बनवणाऱ्या. बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायचा तो काळ होता, त्यामुळे पिसाची जात, त्याचा बाक, त्याचा देठ हे सगळं त्यांच्या हाताला ठाऊक होतं. गळ शिकंज्यात पकडून बांधायची सगळ्यांची रीत, पण बाई शिकंजा वापरतच नसत. डाव्या-उजव्या बाजूचं पीस, त्यावरचं खांद्याचं पीस आणि गालावरचं छोटं पीस आधी एकमेकांना चिकटवून घेत आणि असा तयार पंख गळाच्या कुशीला बांधत. इतर कारागीर पंख गळाच्या पाठीवर बांधत असत. त्यांची सर्वांत गाजलेली रचना म्हणजे 'ग्रे घोस्ट'. १९२४चा तो मासा ग्रे घोस्टवरच लागला असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. बाईंच्या कामाचा बारकाईने अभ्यास करणारे मात्र त्या दिवशीची फ्लाय वेगळी, आधीची होती असं मानतात. दंतकथेला एवढी मोकळीक द्यायला हरकत नाही.

ग्रे घोस्टचं सामान पाहण्यासारखं आहे. दांड्यावर नारिंगी रेशमी धाग्याचं सडपातळ अंग आणि त्यावर चंदेरी बादल्याचे वेढे. पोटाखाली हरणाच्या शेपटीचे पांढरे केस आणि मोरपिसाचे हिरवट-काळे तंतू. सोनेरी फेझंटची कलगी. कुशीला कोंबड्याची चार राखाडी, लांब पिसं, खांद्याला रुपेरी फेझंटचं पीस आणि गालावर रानकोंबड्याचं पीस. दुकानाच्या भिंतीवर काचेत लावलेला ग्रे घोस्ट बघितला की तो भरजरी आणि गुबगुबीत दिसतो. ज्याची ही नक्कल, तो तलावातला स्मेल्ट मासा तर बोटाएवढा, अर्धपारदर्शक, सडसडीत. मग नक्कल कसली? कोरडी असताना ती नक्कल नसतेच. पाण्यात ओढल्यावर चारही राखाडी पिसं अंगाला मिटतात, पोटाचे पांढरे केस खाली एक फिकट रेघ धरतात आणि नारिंगी अंग त्या मिटलेल्या पिसांच्या आडून जेमतेम जाणवतं. वसंतात बर्फ वितळल्यावर तलावातले सामन मासे ज्या स्मेल्टच्या मागे लागतात, तो या ओल्या पिसांत दिसू लागतो. ही रचना काचेत लावून ठेवणाऱ्यांनी तिच्यावर अन्यायच केला आहे.

गालावरचं ते रानकोंबड्याचं पीस आपल्या घराजवळचं. राखाडी रानकोंबडा, गॅलस सोनेराटी, हा भारतीय द्वीपकल्पाचा पक्षी. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवतो तो. नराच्या मानेवरच्या पिसाचं टोक नेहमीच्या पिसासारखं मोकळं नसतं. तिथे देठच पसरून चपटा झालेला असतो आणि त्यावर मेणासारखे चकचकीत, पांढरे-पिवळसर ठिपके उठतात. बोटाने दाबलं तर नखासारखं कडक लागतं. पाण्यात ते भिजत नाही, मिटत नाही, चमक सोडत नाही. म्हणून व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी सामन-फ्लायपासून ग्रे घोस्टपर्यंत सगळ्यांना डोळा म्हणून तेच हवं असे. शिकारी मासा भक्ष्याच्या डोक्यावर झेपावतो आणि डोळा ही त्याची खूण असते, असं बहुतेक बांधणारे मानतात. या हौसेची किंमत पक्ष्याने मोजली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, आणि आज परदेशी कारागिरांच्या हाती येणारी पिसं पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची असतात, अतिशय महागही असतात. बाकीचे लोक रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या चकतीवर भागवतात. माशाला फरक कळतो असं मला तरी वाटत नाही. फरक माणसाला कळतो.

डोळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट हालचाल, आणि तिथे प्रत्येक केसाचा, प्रत्येक पिसाचा स्वभाव वेगळा. पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकी हरणाचे शेपटीचे केस, म्हणजे बकटेल, ताठ असतात. ते पाणी धरून ठेवत नाहीत. दोरी मागे झोकली की हवेतच झटकले जातात. त्यातही शेपटीच्या बुडाकडचे केस अधिक पोकळ, त्यांच्यावर धागा आवळला की ते पसरतात. टोकाकडचे केस बारीक, ते मुकाट्याने जुळून बसतात. एकाच शेपटीतून आकार द्यायला एक जागा आणि रेघ ओढायला दुसरी. नवखा माणूस हाताला येईल तिथून झुपका कापतो आणि मग स्ट्रीमरचं डोकं केरसुणीसारखं का फुललं याचं नवल करतो.

टर्कीचं मऊ पीस याच्या दुसऱ्या टोकाला. त्याला मॅराबू म्हणतात, कारण पूर्वी ते मॅराबू करकोच्याचं असे. त्याला ताठा असा नाहीच. नदी थबकली तरी ते श्वास घेतल्यासारखं हलत राहतं. ओढलं की बारीक होतं, थांबलं की फुगतं. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७मध्ये मॅराबूची शेपटी, जाड लोकरी अंग आणि त्यावर कोंबड्याच्या पिसाचे वेढे एवढ्यावर 'वुली बगर' बांधला. त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्यातली एक मोठी अळी होती, पण मासे त्याला जळू, मासोळी, काय वाटेल ते समजतात. स्वस्त सामान, पाच मिनिटांचं काम, आणि जगभर कुठेही चालणारा. ग्रे घोस्टचे भक्त नाक मुरडतात, मुरडोत.

सशाच्या कातड्याची केसांसकट कापलेली पट्टी मॅराबूहूनही जिवंत हलते आणि जास्त टिकते. १९७०च्या दशकात डॅन बायफर्ड यांच्या 'झॉन्कर'ने ती रूढ केली. पण केस हलके असले तरी कातडं पाणी पितं. पहिल्या फेकीला ठीक. दहाव्या फेकीला तो ओला पायमोजा होऊन डोक्यावरून जातो. त्यात लांब शेपटी गळाच्या वळणाला गुंडाळली गेली की आमिष गोल गोल फिरू लागतं आणि कुठलाही मासा त्याकडे बघत नाही. लेफ्टी क्रे या मेरिलंडच्या नामवंत मासेमाराने १९५०च्या दशकात चेसापीक उपसागरासाठी 'डिसीव्हर' बांधला तो हेच टाळायला. लांब पिसं मागे, आणि त्यांच्या मुळाशी बकटेलची गोल झालर. झालर पिसांना आधार देते, वळणाकडे झुकू देत नाही. आणि पाण्यातून उचलली की सगळी रचना निथळून बारीक होते. १९९१मध्ये अमेरिकी टपाल खात्याने फ्लायची जी पाच तिकिटं काढली त्यांत हिलाही जागा मिळाली.

त्याच संचात 'मडलर मिनो'ही होती. कॅनडात ओंटारियोतल्या निपिगॉन नदीवर डॉन गॅपन यांनी ती १९३०च्या दशकात बांधली, तळाशी दगडांत राहणाऱ्या चपट्या, मोठ्या डोक्याच्या स्कल्पिन माशाची नक्कल म्हणून. तिचं डोकं बांधताना बघावं. हरणाच्या अंगावरचे केस पेन्सिलएवढ्या जाडीच्या चिमटीत घ्यायचे, गळाच्या उघड्या दांड्यावर धरायचे, धाग्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि मग चिमूट सोडता सोडता धागा ओढायचा. केस आतून हवेच्या कप्प्यांनी भरलेले असल्यामुळे धागा रुतला की काटकोनात उभे राहतात आणि दांड्याभोवती गरकन फिरतात. असे दोन-तीन झुपके एकापुढे एक दाटून बसवायचे आणि कात्रीने डोकं कोरायचं. हे बोजड डोकं पाण्याला ढकलत जातं; माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्याचा हा दाब जाणवतो, त्यामुळे गढूळ पाण्यात आणि रात्रीसुद्धा त्याला भक्ष्याचा पत्ता लागतो. गंमत अशी की तळाशी राहणाऱ्या माशाची नक्कल तरंगणाऱ्या केसांची! मग तिला खाली न्यायला बुडणारी दोरी वापरा, नाहीतर अंगात तार गुंडाळा. तरी लोक केस सोडत नाहीत, कारण तसा ढकलणारा आकार इतक्या हलक्या वजनात दुसऱ्या कशाने साधत नाही.

बुडवायचं काम बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात फार सरळ सोडवलं. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना नदीवर स्मॉलमाउथ बास माशासाठी त्यांनी बकटेलचे दोन विरळ झुपके आणि शिशाचे डंबेलसारखे डोळे एवढंच घेतलं. डोळे दांड्याच्या वरच्या अंगाला बांधले की वजनाने गळ उलटतो, टोक वर येतं आणि तळातल्या दगड-लाकडात अडकत नाही. ओढलं की वर, सोडलं की नाक खाली: ही चाल कुठल्याही केसाने दिलेली नाही, वजनाच्या जागेने दिली आहे. मला तरी स्ट्रीमरच्या इतिहासातली ही सर्वांत हुशार निवड वाटते.

शिसं मात्र आता अडचणीचं झालं आहे. तुटून पडलेल्या शिशाच्या गोळ्या गिळून पाणपक्षी विषबाधेने मरतात. ब्रिटनने हंसांसाठी १९८७मध्ये गरवण्याच्या लहान शिशांवर बंदी घातली; न्यू हँपशायर आणि मेन राज्यांत लून पक्ष्यासाठी कायदे आहेत. पर्याय दोन: पितळ आणि टंगस्टन. पितळेची घनता साधारण ८.५, शिशाची ११.३, टंगस्टनची १९.३. टंगस्टन घेतलं तर तेवढ्याच वजनाचा मणी लहान होतो, पण खिशाला जड जातो.

कृत्रिम धाग्यांबद्दल थोडक्यात. ते पाणी पीत नाहीत, हव्या त्या लांबीचे मिळतात, म्हणून समुद्रावरच्या वीतभर स्ट्रीमरना वरदान आहेत. पण केसाला जन्मतः टोकाकडे जी निमुळती धार असते ती त्यांना कात्रीने आणावी लागते. चमकीच्या पट्ट्यांचा तर अतिरेक झाला आहे; नितळ पाण्यात दोन-चार तंतू पुरतात, मूठभर घातले तर मासा बिचकतो. रंगाचंही तसंच. पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे खोल पाण्यातला लालभडक स्ट्रीमर काळपट दिसतो. गढूळ पाण्यात काळा रंगच उठून दिसतो.

आपल्याकडे स्ट्रीमरने धरायचा मासा म्हणजे महाशीर. दख्खनच्या नद्यांतला महाशीर, टॉर खुद्री, याचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलं. लोणावळ्याला वळवणच्या टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पैदास होते. महाशीर लहान मासेही खातो, त्यामुळे हिमालयातल्या नद्यांवर क्लाउझरसारखे स्ट्रीमर तिथल्या महाशीरसाठी चालतात. पण त्याच्यापुढे केस-पिसांआधी गळाचा विचार करावा लागतो. त्याच्या जबड्यात दात नाहीत. ते घशात असतात, आणि शिंपले चिरडण्याइतके मजबूत. ट्राउटसाठीचा बारीक तारेचा गळ तिथे चिमटला जातो किंवा सरळ होतो, ही तक्रार ब्रिटिश काळापासूनची आहे. म्हणून त्याच्यासाठी समुद्रावर वापरतात तसा आखूड, जाड तारेचा गळ घेतात. अशा तारेचं स्वतःचंच वजन इतकं असतं की डंबेल डोळे एक माप लहान घेतले तरी स्ट्रीमर तळाला पोचतो, आणि तिथे वाचलेल्या वजनात सशाच्या कातड्याची एक आखूड पट्टी परवडते.