हाडाची सावली

वहिनींची खालची उजवी दाढ हलू लागली तेव्हा काढलेला एक्स-रे अजून आमच्या कपाटात आहे. तो पाहून त्यांना सांगण्यात आलं, "हाड ठीक आहे, काळजी नको." दीड वर्षाने दुसऱ्या डॉक्टरांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, दात आणि हिरडीच्या फटीत घातली. निरोगी हिरडीत ती 1 ते 3 मिलिमीटर जाते. वहिनींच्या दाढेला गालाच्या बाजूने ती 9 मिलिमीटर उतरली. दाढ काढावी लागली. तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता: फिल्मवर हे दिसलं कसं नाही?

दाताचा एक्स-रे ही सावली आहे. 1896च्या जानेवारीत, राँटगेनच्या शोधाला जेमतेम काही आठवडे झालेले असताना, जर्मनीतल्या ओटो वाल्खॉफने स्वतःच्याच तोंडात काचेची प्लेट धरून 25 मिनिटांत पहिला दंत एक्स-रे काढला. आज तेच काम सेकंदाच्या अंशात होतं. पण सावलीचे नियम तेच राहिले आहेत. फिल्म जिभेच्या बाजूला असते आणि किरण गालाकडून येतात. गालाकडची हाडाची भिंत, दाढेचं मूळ आणि जिभेकडची भिंत अशा तिन्ही सावल्या एकावर एक पडतात. गालाकडची भिंत खचली तरी उरलेल्या दोन सावल्या ती उणीव झाकून टाकतात. दोन दातांच्या मधलं हाड तेवढं बरं दिसतं. तिथेही साधारण 30 ते 50 टक्के खनिज गेल्याशिवाय डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून साध्या एक्स-रेवर हाडाची झीज बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमीच दिसते.

दुसरा घोटाळा कोनाचा. "फिल्म बोटाने दाबून धरा" असं आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. त्या पद्धतीत फिल्म दाताला तिरपी राहते आणि नळीचा कोन अंदाजाने ठरतो. वरच्या दाढांना किरण फार उतरते आले, तर मुळं आखूड दिसतात आणि गालाकडच्या हाडाची सावली दाताच्या माथ्याकडे सरकते. गेलेलं हाड जागेवर असल्यासारखं वाटतं. होल्डर वापरून फिल्म दाताला समांतर ठेवली की ही चूक बरीच कमी होते. दाढांच्या हाडासाठी बाइटविंग चांगली, कारण तिच्यात किरण दाताला जवळजवळ काटकोनात येतात. सगळा जबडा एका पट्टीत दाखवणारा ओपीजी सोयीचा असतो, पण त्याची प्रतिमा मूळ आकारापेक्षा मोठी असते, आणि तीही सगळीकडे सारख्या प्रमाणात नाही. त्यावर पट्टी ठेवून मिलिमीटर मोजू नयेत.

मग खरं माप कळतं कुठे? शस्त्रक्रियेत हिरडी उलगडल्यावर, हाड उघडं दिसतं तेव्हा. किंवा प्रयोगशाळेत, कोरड्या कवटीच्या जबड्यावर. अचूकतेचे पुष्कळ अभ्यास अशा जबड्यांवरच झाले आहेत. मला इथे शंका येते. कवटी हलत नाही, आवंढा गिळत नाही, तिच्या दाढेवर धातूची टोपी नसते. तिथली अचूकता जिवंत रुग्णाच्या तोंडात तशीच मिळेल असं धरणं धाडसाचं आहे.

ही शंका सीबीसीटीलाही लागू पडते. हा त्रिमितीय स्कॅन गालाकडची आणि जिभेकडची भिंत वेगळी दाखवतो. वहिनींचा खड्डा त्यात बहुधा दिसला असता. पण टोपी किंवा इम्प्लांट असेल तर चित्रावर पट्टे उमटतात. पुढच्या दातांवरचं हाड अनेकदा 1 मिलिमीटरहूनही पातळ असतं, ते चित्रातून पुसलं जातं आणि असलेलं हाड गेल्यासारखं भासतं. शिवाय किरणांचा डोस छोट्या एक्स-रेच्या कितीतरी पट. प्रत्येक हलत्या दाताला तो सांगणं मला पटत नाही. आधी प्रोब फिरवावा. त्याला वीज लागत नाही.

हे मिलिमीटर किती नाजूक आहेत, ते हिशेबाने पाहा. 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक वर्गीकरणात हाडाच्या झिजेचे टप्पे मुळाच्या लांबीच्या टक्क्यांत आहेत: 15 टक्क्यांपर्यंत पहिला, 33 टक्क्यांपर्यंत दुसरा. मूळ 13 मिलिमीटरचं धरलं तर 15 टक्के म्हणजे जेमतेम 2 मिलिमीटर. अनुभवी हाताने फिरवलेल्या प्रोबमध्येही 1 मिलिमीटरचा फरक पडू शकतो. कोन चुकलेल्या फिल्मचं तर विचारूच नका.

दोन वर्षांच्या फिल्म शेजारी ठेवून "हाड आणखी गेलं" म्हणायचं, तर दोन्ही एकाच कोनातून घेतलेल्या हव्यात. वहिनींच्या दुसऱ्या डॉक्टरांनी नवी फिल्म होल्डरमध्ये घेतली होती. जुनी बोटाने धरलेली. दोन्ही मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या. एकाच दाढेची मुळं दोन वेगळ्या लांबीची दिसत होती.