कॉइल गेली? निदान गाडी गरम असतानाच करा

जपून ठेवलेली जुनी प्रीमियर पद्मिनी सकाळी झटकन सुरू होते, अर्धा तास झकास चालते आणि भर उन्हात सिग्नलला मिसिंग मारत बंद पडते. बॉनेट उघडून वीस मिनिटे थांबले की पुन्हा सुरू! ‘कॉइल गेली,’ असा निकाल लगेच लागतो. तो खरा असेलही. पण उष्णतेने पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली तरी गाडी अगदी अशीच वागते.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. जाड तारेच्या वेटोळ्यातून बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट वाहतो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडताच तो तुटतो आणि बारीक तारेच्या, हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यात १५ ते २० हजार व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते तेव्हा सेकंदाला अशा १०० ठिणग्या लागतात. बारीक तारेवरचे इन्सुलेशन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कमकुवत झाले की गरम कॉइल आतल्या आत गळू लागते. थंड झाली की पुन्हा शहाणी!

म्हणून तपासणी गाडी बंद पडलेली असतानाच करावी. छातीतले दुखणे थांबल्यावर काढलेला ईसीजीसुद्धा कधीकधी नॉर्मल येतो. आधी पेट्रोल कुठे गळत नाही ना, वास येत नाही ना, हे पाहावे. मग डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली मधली जाड वायर काढून तिचे टोक इन्सुलेशन असलेल्या कोरड्या पकडीने इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरावे आणि दुसऱ्याने स्टार्टर मारावा. टचटच वाजणारी निळी ठिणगी आली, तर कॉइल बहुधा ठीक आहे. टोपी, रोटर आणि पेट्रोलकडे वळावे. ठिणगी पिवळट, मलूल असली किंवा आलीच नाही, तरी आधी पॉइंट बघावेत. ते जळून काळे पडले असतील, तर संशय कंडेन्सरवर. हा छोटासा, स्वस्त भाग बिघडतो आणि बदलली जाते महाग कॉइल.

नवी कॉइलही लवकर जळते, त्याची कारणे बहुधा साधी असतात. इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असले, तर कॉइलमधून करंट सतत वाहतो. साधारण ३ ओहमच्या कॉइलमधून तो ४ अँपिअर असतो. वेगळा रेझिस्टर लागणारी दीड ओहमची कॉइल त्याच्याशिवाय बसवली, तर ८.

अशा जुन्या कॉइलचा झटका सहसा जीव घेत नाही. मात्र हात दचकून मागे जातो आणि फिरत्या पंख्यात सापडू शकतो. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी चालू इंजिनाच्या वायरींवर वाकूच नये.

खरा घातक धोका वेगळाच आहे. कॉइल तापेपर्यंत इंजिन बंद गॅरेजमध्ये चालू ठेवले जाते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. डोके दुखते, मळमळते, झोप येते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र ९८ दाखवत राहतो, कारण त्याला हे दोन वायू वेगळे ओळखता येत नाहीत. असे काही वाटले, तर त्या आकड्यावर विसंबू नये. ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि रुग्णालयात पोहोचल्यावर ‘बंद जागेत गाडी चालू होती’ हे डॉक्टरांना आधी सांगावे.