कथावत्थूपासून प्रबंधापर्यंत : विद्यार्थ्यांना युक्तिवाद कसा शिकवावा?

पालि आणि बौद्धविद्या हे विषय घेऊन पदव्युत्तर अभ्यासाला येणारा आपला विद्यार्थी बहुधा श्रद्धा बरोबर घेऊन येतो. ही श्रद्धा त्याची शक्ती आहे. तिच्याच बळावर तो अपरिचित भाषा शिकतो आणि पोटापाण्याचा उद्योग सांभाळून रात्री ग्रंथ वाचतो. परंतु निबंध किंवा प्रबंध लिहिताना हीच श्रद्धा अनेकदा पुराव्याची जागा घेऊन बसते. "बौद्ध धम्म हा पूर्णतः विज्ञाननिष्ठ आहे, यात शंका नाही", अशा धाटणीची वाक्ये उत्तरपत्रिकांतून वारंवार आढळतात. वाक्यातील भावना प्रामाणिक असते. पण ज्या वाचकाला शंका आहे, त्याला हे वाक्य काहीच देत नाही. शंका जेथे आहे तेथेच तर प्रबंधाचे काम सुरू होते.

याचे एक कारण असे की, घोषणा, प्रवचन आणि प्रबंध या तीन प्रकारांतील भेद आपण विद्यार्थ्याला स्पष्ट करून सांगत नाही. सभेत घोषणा देणाऱ्याचे श्रोते त्याच्याशी आधीच सहमत असतात. प्रवचन ऐकणारा उपासक श्रद्धेने विहारात आलेला असतो. प्रबंधाचा वाचक मात्र सहमतही नसतो आणि श्रद्धावानही नसतो. त्याला पटवावे लागते. आपला अभ्यास आपल्याच मंडळींनी वाचावा एवढीच आपली इच्छा असेल, तर प्रश्न मिटला. परंतु आपला इतिहास आणि आपले विचार विद्येच्या क्षेत्रात मान्य व्हावेत असे वाटत असेल, तर विरोधकालाही नाकारता येणार नाही असे लेखन करण्यास विद्यार्थ्याला शिकविले पाहिजे. यासाठी आधार दूर शोधण्याची आवश्यकता नाही. तो तिपिटकात आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथांतही आहे.

१. प्रमाणाची परीक्षा

अंगुत्तर निकायातील कालामांना केलेला उपदेश आपल्या सर्वांना परिचित आहे. परंपरा, ऐकीव वार्ता किंवा ग्रंथात आहे एवढ्याच कारणावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, हा त्याचा भाग आपण नेहमी सांगतो. मात्र त्याच यादीत केवळ तर्क, केवळ अनुमान आणि "हे श्रमण आमचे गुरू आहेत" ही भावना यांचाही समावेश आहे, याकडे दुर्लक्ष होते. हे सुत्त दुसऱ्यांच्या ग्रंथांना लावायचे आणि स्वतःच्या ग्रंथांना त्यातून वगळायचे, असा त्याचा उपयोग करता येत नाही.

दुसरा आधार महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसांचा आहे. एखादा भिक्खू म्हणाला की, अमुक वचन मी प्रत्यक्ष भगवंतांकडून, संघाकडून, अनेक थेरांकडून किंवा एका थेराकडून ऐकले आहे, तर त्याचे लगेच अभिनंदन करू नये आणि त्याचा लगेच निषेधही करू नये. त्यातील शब्द नीट समजून घेऊन ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावेत आणि मग निर्णय घ्यावा. आधुनिक इतिहासशास्त्र ज्याला साधनचिकित्सा म्हणते, तिचे बीज येथे आहे. निर्णयापूर्वी काही काळ थांबणे, हा विद्यार्थ्याने शिकण्याचा पहिला गुण होय.

तिसरा आधार प्रश्नांच्या वर्गीकरणाचा. काही प्रश्नांचे उत्तर एकाच बाजूने देता येते. काहींचे विभागणी करून द्यावे लागते. काहींना प्रतिप्रश्न विचारावा लागतो. आणि काही बाजूला ठेवावे लागतात. मज्झिम निकायातील सुभ सुत्तात, गृहस्थ श्रेष्ठ की प्रव्रजित, असा प्रश्न सुभ माणवाने केला असता तथागतांनी एकतर्फी उत्तर न देता विभागणी करून उत्तर दिले. परीक्षेतील व संशोधनातील बहुतेक प्रश्न याच दुसऱ्या प्रकारचे असतात. "बौद्ध धम्माने स्त्रियांना समान स्थान दिले काय?" या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देणारा विद्यार्थी थेरीगाथा दाखवितो, ‘नाही’ म्हणणारा आठ गरुधम्म दाखवितो. विभागणी करणारा विद्यार्थी मुक्तीची क्षमता, संघातील नियम आणि समाजातील स्थान हे तीन प्रश्न वेगळे करतो. त्याचे उत्तर अधिक लांब होईलच असे नाही, पण अधिक खरे होते.

२. परवादीला त्याची पाळी

प्रमाण तपासले, प्रश्न विभागला. आता प्रत्यक्ष वाद कसा मांडावा? यासाठी अभिधम्म पिटकातील पाचवा ग्रंथ कथावत्थू पाहावा. परंपरेनुसार सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्र येथे झालेल्या तिसऱ्या संगीतीत मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी तो सांगितला. दोनशेहून अधिक वादविषय त्यात आहेत. हा ग्रंथ रूक्ष आणि पुनरुक्तीने भरलेला म्हणून विद्यार्थी टाळतात. पण त्याची रचना शिकण्यासारखी आहे.

पहिलाच वाद पुग्गलाविषयी आहे. परमार्थाने ‘पुग्गल’ म्हणजे व्यक्ती अशी काही वस्तू उपलब्ध होते काय, हा प्रश्न. स्ववादी, म्हणजे थेरवादी, प्रथम परवादीकडून त्याचे विधान स्पष्ट शब्दांत वदवून घेतो. त्या विधानातून जे निष्पन्न होते ते मान्य आहे काय, असे विचारतो. परवादी ते नाकारतो, तेव्हा मूळ विधान आणि हा नकार एकत्र टिकू शकत नाहीत हे दाखवून देतो. येथवर सर्व अपेक्षेप्रमाणे आहे. परंतु त्यानंतर परवादीलाही पाळी मिळते. तीच पद्धत वापरून तो स्ववादीवर उलटा आक्षेप घेतो आणि आपले खंडन योग्य रीतीने झाले नाही असे सांगतो. ग्रंथकर्त्याने विरोधकाचे तोंड बंद केलेले नाही.

पुढे तर परवादी बुद्धवचनच पुढे करतो. आत्महितासाठी झटणारा ‘पुग्गल’ आहे, असे भगवंतांनीच म्हटले नाही काय, असे तो विचारतो. स्ववादीला हे वचन नाकारता येत नाही. मग व्यवहारातील भाषा आणि परमार्थ यांतील भेद त्याला उलगडावा लागतो. इतर सुत्तांचा आधार द्यावा लागतो. यातून विद्यार्थ्याने एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावी : अवतरण दिले म्हणजे सिद्धता झाली, असे नाही. दोन्ही पक्षांजवळ अवतरणे असतात. त्या वचनाचा अर्थ काय, संदर्भ काय आणि ते आपल्या विधानाला कितपत आधार देते, हे सांगितल्यावरच युक्तिवाद पूर्ण होतो.

३. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा निबंध

याच शिस्तीचे आधुनिक उदाहरण हवे असेल, तर ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी वाचलेला भारतातील जातिसंस्थेवरील निबंध घ्यावा. तो पुढे १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापला गेला. त्या वेळी बाबासाहेब स्वतः विद्यार्थी होते. वय पंचवीस वर्षांचे.

निबंधाची मांडणी पाहावी. प्रथम सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या ते वाचकासमोर ठेवतात. प्रत्येकीत काय घेण्यासारखे आहे आणि काय अपुरे आहे, हे सांगतात. केतकरांचे श्रेय ते मोकळेपणाने देतात आणि मतभेदही तितक्याच स्पष्टपणे नोंदवितात. या चाळणीतून एकच लक्षण शिल्लक राहते : जातीबाहेर विवाह न करणे. मग ते स्वतःच अडचण उभी करतात. भारतीय समाजात गोत्राबाहेर विवाह करण्याचा नियम मुळात प्रबळ आहे. तर मग जातीअंतर्गत विवाह आला कोठून? तो त्यावर लादला गेला, हे उत्तर. लादलेला नियम टिकवायचा तर गटातील स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. पती किंवा पत्नी मागे उरली की समतोल ढळतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा उलगडा ते या एका सूत्राने करतात. मनूने जाती निर्माण केल्या, हे सोपे स्पष्टीकरणही ते स्वीकारत नाहीत. शेवटी, आपला सिद्धांत टिकणारा नाही असे कोणी दाखविल्यास तो सोडण्याची तयारी ते व्यक्त करतात.

ज्याने जातीचे चटके बालपणापासून सोसले, त्याने या निबंधात स्वतःचा अपमान पुरावा म्हणून मांडला नाही, हे विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणावे. अनुभव हा पुरावा नव्हे, असा याचा अर्थ नाही. अनुभवातून प्रश्न निर्माण होतो आणि अनुभव साक्षही देतो. परंतु संस्थेचा उगम कसा झाला, या प्रश्नाला केवळ साक्ष पुरत नाही. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथातही वंशाचा व व्यवसायाचा हे प्रचलित सिद्धांत आधी तपासून मगच त्यांनी आपला ‘ब्रोकन मेन’ हा सिद्धांत मांडला, आणि प्रत्यक्ष पुराव्याचे दुवे जेथे तुटतात तेथे अनुमानाचा आधार घ्यावा लागतो, हे प्रस्तावनेत सांगितले.

४. एक कसोटीचा विषय : सिद्धार्थाचा गृहत्याग

तत्त्व समजले तरी ते आपल्या प्रिय विषयाला लावणे अवघड असते. म्हणून सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाचे कारण, हा विषय मुद्दाम द्यावा. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या, १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी जे चार प्रश्न उपस्थित केले, त्यांतील हा पहिला. वृद्ध, रोगी आणि प्रेत यांचे दर्शन एकोणतिसाव्या वर्षी प्रथमच झाले, हे बुद्धीला पटत नाही, असे ते म्हणतात; आणि ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेल्या संघर्षाला महत्त्व देतात.

विद्यार्थी येथे "बाबासाहेबांनी म्हटले आहे" एवढ्यावर थांबतो. त्याला पुढे न्यावे. बाजूचे पुरावे कोणते? मज्झिम निकायातील अरियपरियेसन सुत्तात भगवान स्वतः गृहत्याग सांगतात, पण चार दृश्यांचा उल्लेख नाही. उलट आई-वडील रडत असताना घर सोडल्याचे ते सांगतात. चार दृश्यांची कथा दीघ निकायातील महापदान सुत्तात येते, पण ती विपस्सी बुद्धाची आहे. गौतमाच्या चरित्रात ती निदानकथेसारख्या उत्तरकालीन ग्रंथांत सविस्तर येते. सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात शस्त्रधारणातून उपजलेले भय आणि परस्परविरोधात तडफडणारी प्रजा पाहून आलेला संवेग व्यक्त झाला आहे. धर्मानंद कोसंबींनी आपल्या ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात या सुत्ताचा उपयोग केला आहे.

आता परवादीला पाळी द्यावी. तो म्हणेल : त्याच अरियपरियेसन सुत्तात जरा, व्याधी व मरण यांच्या पलीकडचा शोध हेच गृहत्यागाचे कारण सांगितले आहे. अंगुत्तर निकायातील सुखुमाल सुत्तात हाच विचार तारुण्याच्या व आरोग्याच्या मदासंबंधी येतो. म्हणजे रथातून पाहिलेली दृश्ये नसली, तरी चिंतन आहेच. शिवाय रोहिणीच्या पाण्याचे भांडण अट्ठकथांत बुद्धत्वप्राप्तीनंतरचे सांगितले आहे. तेथे भगवान दोन्ही पक्षांत समेट करतात. अत्तदंड सुत्त त्या प्रसंगी सांगितले, असेच जातकट्ठकथा म्हणते.

हे आक्षेप खरे आहेत. ते लपविणारा प्रबंध पहिल्याच जाणत्या परीक्षकापुढे कोसळतो आणि त्याच्याबरोबर त्यातील खरा भागही संशयास्पद ठरतो. मग विद्यार्थ्याने काय लिहावे? त्याने आपले एक विधान तीन विधानांत विभागावे. चार दृश्यांची कथा गौतमाविषयी प्राचीन सुत्तांत आढळत नाही, हे विधान भक्कम आहे. समाजातील शस्त्रसंघर्षाने सिद्धार्थाच्या मनावर खोल परिणाम केला, हे अत्तदंड सुत्तावरून संभवनीय आहे. पाण्याचा वाद हे गृहत्यागाचे निकटचे कारण होते, हे अनुमान आहे. ते मांडता येते, पण अनुमान म्हणूनच. विधान पुराव्याच्या मापाचे असले की वाचकाचा लेखकावर विश्वास बसतो. पटवून देण्याचे याहून प्रभावी साधन मला ठाऊक नाही.

५. वर्गातील क्रम

शिक्षकांसाठी काही व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. विद्यार्थ्याने प्रथम आपले प्रतिपादन एका वाक्यात लिहावे. ते वाक्य कोणीही नाकारू शकणार नसेल, तर त्यावर प्रबंधाची गरज नाही. नंतर विरुद्ध पक्ष एका पानात लिहावा आणि वर्गातील एकाने परवादी होऊन तो वाचावा. "होय, माझे म्हणणे हेच आहे", असे परवादीने म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर पुराव्यांचा तक्ता करावा : सुत्त, अट्ठकथा, शिलालेख, आधुनिक विद्वानांची मते हे रकाने वेगळे ठेवावेत. प्रत्येक पुराव्यापुढे, यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे दोन्ही लिहावे. लेखन झाल्यावर विशेषणे तपासावीत. ‘महान’, ‘निर्विवाद’, ‘जगप्रसिद्ध’ हे शब्द काढल्यावर वाक्य दुबळे होत असेल, तर तेथे पुराव्याची उणीव आहे असे समजावे.

भाषेचा संयमही शिकवावा लागतो. आपल्या पंथाची अकारण स्तुती व परपंथाची अकारण निंदा टाळावी, वाणीवर ताबा ठेवावा, असे सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात कोरून ठेवले. ज्यांचे मत खोडावयाचे आहे त्यांच्या हेतूंवर घसरणे सोपे असते. त्यांचे कारण खोडणे कठीण असते. प्रबंधात गुण मिळतात ते दुसऱ्या कामाला.

अशा शिक्षणाने विद्यार्थ्याची श्रद्धा क्षीण होईल, अशी भीती काही कार्यकर्त्यांना वाटते. ती अनाठायी आहे. बाबासाहेबांनी वर उल्लेखिलेले चार प्रश्न उत्तरे ठरवून टाकण्यासाठी विचारले नव्हते. वाचकांनी पुढे येऊन त्यांच्या उकलीस हातभार लावावा, अशी अपेक्षा त्यांनी तेथेच व्यक्त केली आहे. ते प्रश्न अद्याप आपल्यासमोर आहेत. त्यांची उत्तरे घोषणांनी दिली जाणार नाहीत. ती शिस्तीने, पुराव्याने आणि परवादीचे पूर्ण ऐकून घेऊन लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातूनच दिली जातील. असे विद्यार्थी घडविणे हे पालिच्या प्रत्येक शिक्षकाचे कर्तव्य आहे.