नकार कुणाला परवडतो?

एकाच शहरात, एकाच कामासाठी, सारख्याच अनुभवाच्या दोघांना वेगळा पगार मिळतो, यात कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटायचं ते अर्थशास्त्राला, कारण पाठ्यपुस्तकात एका मालाला एकच भाव असतो. कोण किती देतो हे शोधण्यालाच खर्च येतो, म्हणून भाव वेगळे राहतात, असं जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ मध्ये मांडलं. १९७० मध्ये जॉन मॅकॉल यांनी नोकरी शोधणाऱ्याचं गणित सोडवलं. तो मनाशी एक आकडा धरतो. त्याखालची नोकरी नाकारतो, वरची पत्करतो. हा आकडा निव्वळ कौशल्यावर ठरत नाही. घरात किती दिवसांचा किराणा शिल्लक आहे, यावरही तो ठरतो. पुढच्याच वर्षी पीटर डायमंड यांनी हा विचार टोकाला नेला: शोधाला थोडा जरी खर्च असेल, तर मालक कितीही असोत, सगळेच तळाचा पगार देतील, कारण चार आणे जास्त मिळवायला कुणी दारोदार फिरणार नाही. प्रत्यक्षात हे इतकं टोकाला जात नाही. नोकरीत असलेली माणसंही दुसरीकडे चौकशी करत असतात, आणि ती टिकवायला काही मालक जास्त देतात.

घरात शिल्लक असलेल्यालाच नकार परवडतो, असं म्हटलं की जुना आक्षेप येतो: हातात पैसा आला की माणूस आळशी होतो. ऑस्ट्रियात तीन वर्षं नोकरी झालेल्याला कामावरून काढलं, तर दोन महिन्यांचा पगार एकरकमी मिळे. तीन वर्षांच्या जरा अलीकडच्या आणि पलीकडच्या कामगारांची तुलना डेव्हिड कार्ड, राज चेट्टी आणि आंद्रेया वेबर यांनी केली. रक्कम मिळालेल्यांना नवी नोकरी सावकाश लागली. पण ही रक्कम उद्याच नोकरी धरली तरी बुडत नव्हती. मग बसून राहण्यात फायदा कसला? त्यांना फक्त थांबणं परवडलं. अडचण पुढे आहे: थांबूनही त्यांचा पगार वाढला नाही. माझ्या मते यात आश्चर्य नाही. पगार मालक एकेका उमेदवाराची तिजोरी पाहून लावत नाही. सगळे कितपत दबलेले आहेत, हे पाहून लावतो. म्हणून तळ सगळ्यांसाठी एकदम उचलला तर काय होतं, ते पाहायला हवं. न्यू जर्सीत १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं. कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली ४१० फास्टफूड हॉटेलं तपासली; न्यू जर्सीत रोजगार घटलेला दिसला नाही. आकडेवारीवर मोठा वाद झाला. शोधाच्या सिद्धांताला मात्र त्यात कोडं नाही: सव्वाचार डॉलरला जी जागा रिकामी पडून राहते, तीच पाच डॉलरला भरते.